कुंपण खालून वर वाढतं

बारामतीच्या जिरायती भागात, सुप्याच्या बाजूला, एका डाळिंबाच्या बागेला विलायती चिंचेचं कुंपण होतं. रस्त्यावरून पाहिलं तर नजर लागावी असं. पुरुषभर उंच, वर गच्च हिरवं, उन्हाळ्याच्या तोंडाला लालसर आकड्यांनी लगडलेलं. मी गाडी थांबवून पाहत उभा राहिलो आणि तेवढ्यात त्या कुंपणातून एक शेळी बाहेर आली. तिला मान वाकवावी लागली नाही की अंग चोरावं लागलं नाही. गुडघ्याच्या वर झाडं एकमेकांत गुंतलेली होती. गुडघ्याखाली मात्र नुसती खोडं आणि दोन खोडांमध्ये हातभर मोकळी जागा. मालक म्हणाले, "पहिल्या पावसाळ्यात असलं जोमानं आलं, की कात्री लावायला जीवच झाला नाही."

कुठलं झाड लावावं हे विचारायला लोक पुष्कळ येतात. ते झाड पहिल्या दोन वर्षांत कसं वाढवावं हे फारच थोडे विचारतात. जनावर शिरतं ते जमिनीपासूनच्या पहिल्या दीड-दोन फुटांतून, आणि तो भाग एकदा उघडा राहिला की नंतर कितीही खतपाणी घातलं तरी सहसा भरून येत नाही.

असं का होतं, हे द्राक्ष पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा आहे तोवर झाड वर धावतं. शेंडा उडवला की दाबलेले डोळे जागे होतात आणि एकाच्या जागी दोन-चार फांद्या फुटतात. बारामती-इंदापूरचा द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा, खरड छाटणीत आणि ऑक्टोबर छाटणीत, हाच नियम वापरून पैसे मिळवतो. तोच माणूस बागेच्या कडेची मेंदी मात्र सरळ वाढू देतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कुंपणाच्या रोपाला हा नियम लावायचा तो असा. रोप हातभर झालं की ते वितीवर छाटायचं. मन घट्ट करून. त्यातून फुटलेल्या फांद्या पुन्हा वीतभर वाढल्या की त्यातली निम्मी वाढ काढायची. पुन्हा वाढ, पुन्हा निम्मी कापणी. पहिल्या पावसाळ्यात अशा दोन-तीन छाटण्या झाल्या, तर दिवाळीला कुंपण जेमतेम गुडघ्याला लागतं आणि शेजारी हसतो. शेजाऱ्याचं तोवर कमरेच्या वर गेलेलं असतं. तिसऱ्या वर्षी दोन्ही कुंपणं खाली बसून बघावीत.

आपल्याकडची जुनी रीत कुपाटीची. बाभळीच्या आणि बोराटीच्या शिऱ्या तोडून बांधावर रचायच्या, वर दगड ठेवायचे आणि वर्षभर निभवायचं. ही मेलेली कुपाटी तशी कामाची, पण वाळवी ती खाते, वावटळ उडवते आणि एका ठिणगीनं सगळी पेटते. शिवाय दरसाल नवी करावी लागते. तारेचं कुंपण आलं आणि कुपाटी मागे पडली. आता तारेचा आणि खांबांचा खर्च पाहून पुष्कळ शेतकरी पुन्हा झाडांकडे वळत आहेत. मात्र बोराटीची शिरी रचणारा माणूस ती तळाशी आधी दाट रचायचा, वर विरळ. ते शहाणपण झाडाच्या कुंपणात उतरलं नाही.

झाड निवडण्याआधी पायाखालची जमीन बघायला हवी, आणि बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत ती दर पाच-सात किलोमीटरला बदलते. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला बारामती-इंदापुरात येईपर्यंत पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. पर्जन्यछायेचा हा मुलूख. सुपे, मोरगावकडे हलका मुरमाड माळ. नीरेच्या डाव्या कालव्याखाली खोल काळी जमीन आणि ऊस. इंदापूरच्या उत्तरेला उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी पुन्हा पाणी, तर त्या दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा पट्टा. पुस्तकात 'पुणे जिल्ह्यासाठी योग्य झाडं' अशी यादी दिसली की ती यातल्या कुठल्या पुण्यासाठी आहे, हे आधी विचारावं.

मुरमाड माळावर पहिलं काम झाडाचं नसून चराचं आहे. दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर उन्हाळ्यात काढून ठेवावा, तापू द्यावा, आणि मृगाच्या आधी वरची माती, गाळ आणि कुजलेलं शेणखत घालून भरावा. बारामतीजवळ माळेगावला २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अशाच खडकाळ, उथळ मातीच्या माळावर उभी आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार आणि उथळ जमीन सोसून पिकं आणि फळझाडं कशी जगवायची, हाच तिच्या संशोधनाचा विषय. खाली खडक फोडून मुळाला वाट करून दिली तर अशा माळावरही झाड जगतं. कुंपणाचं झाड त्याला अपवाद नाही.

या माळासाठी माझी पहिली पसंती करवंदाला. कोकण-घाटातली म्हणून आपण तिला परकी समजतो, पण ती कोरड्या, हलक्या जमिनीतही तग धरते. तिचा काटा टोकाला दुभंगलेला आणि लाकडासारखा टणक. अंगात गेला की सहज निघत नाही. फांद्या जमिनीलगत फुटण्याची तिला जात्याच सवय आहे, म्हणून तळ राखायला ती सगळ्यात सोपी. वर कच्च्या करवंदांचं लोणचं आणि पिकली की मुलांची चैन. तिची दोन दुखणी मात्र आधी माहीत हवीत. पहिली दोन वर्षं ती इतकी सावकाश वाढते, की माणूस कंटाळून सोडून देतो. आणि तिचं बी साठवणीत टिकत नाही; मे-जूनमध्ये पिकलेलं फळ काढलं की बी धुऊन लगेच पिशवीत पेरायला हवं. मागच्या वर्षीचं बी घेऊन बसलेल्यांची निराशाच होते. रोपं दोन ते तीन फुटांवर लावली तरी पुढे जाळी जमते.

लवकर आडोसा हवा असेल तर विलायती चिंच. नावातच तिचं परकेपण आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. पानाच्या देठाशी जोडीनं काटे, हलक्या आणि थोड्या क्षारपड जमिनीतही वाढ, आणि कितीही कापली तरी पुन्हा फुटण्याची ताकद. तिचं काळं बी थेट चरात पेरावं, असं माझं ठाम मत आहे. पिशवीतल्या रोपाचं सोटमूळ तळाशी वेटोळं होतं. जागेवर उगवलेल्या रोपाचं मूळ सरळ खाली उतरतं आणि मार्च-एप्रिल त्याला सोपा जातो. पण हिचा पाला शेळ्यांना अतिशय आवडतो. म्हणजे शेळीसाठी लावलेलं कुंपण पहिली दोन वर्षं शेळीपासूनच जपायचं. तिथे जुनी कुपाटी कामी येते: रोपांच्या बाहेरच्या अंगाला बोराटीच्या शिऱ्या टाकाव्यात, त्या कुजेपर्यंत आतलं कुंपण तयार होतं. आणि वर्षातून तीन-चार वेळा कापण्याची तयारी नसेल तर ही चिंच लावूच नये. तिला झाड व्हायचं असतं, चाळीस फुटांचं.

ज्यांना राखणही जमणार नाही, त्यांनी शेळी तोंडच लावत नाही अशी झाडं घ्यावीत. निर्गुडी, अडुळसा, मोगली एरंड आणि शेर ही त्यातली ओळखीची. निर्गुडी फांदीनं येते, ओढ्याकाठची ओल सोसते आणि दुष्काळही. शेराला माती कसलीही चालते. कांड्या कापून चार दिवस सावलीत ठेवायच्या, चीक सुकू द्यायचा आणि मग खोचायच्या. मात्र हा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून घराजवळ आणि शाळेजवळ शेर नको. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात आणि विषारी असतात. मुलं खाऊन आजारी पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. तोही वस्तीपासून लांबच बरा. घायपात बांधावर भक्कम, त्याचा वाख दोरखंडाला उपयोगी, पण एकेक झाड चार-पाच फूट जागा अडवतं. ज्याचं रानच दहा गुंठ्यांचं, त्यानं ते घेऊ नये. सागरगोट्याची काटेरी जाळी रानडुकरालाही नकोशी होते. त्याचं बी मुलींच्या गजग्यांच्या खेळातलं, दगडासारखं. कानशीनं किंवा खडबडीत दगडावर एका बाजूनं घासून पाण्यात ठेवलं नाही, तर ते उगवायला कित्येक महिने घेतं.

कालव्याखालची गोष्ट वेगळी. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांपासून या भागाला पाणी देतो आहे, आणि पाण्याबरोबर जमिनीत क्षार वर येण्याची तक्रारही तेवढीच जुनी. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरचा आपला अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. अशा चोपण जमिनीत खड्डा करून रोप लावलं की खड्ड्यात पाणी साचतं आणि रोप पिवळं पडतं. तिथे उलट करावं: चारी काढावी, तिच्या मातीचा फूटभर उंच वरंबा करावा आणि रोप वरंब्यावर लावावं. झाड निवडताना कोयनेल आठवावी. वनजाई असंही तिला म्हणतात. ही मुळात समुद्रकाठची, खाऱ्या हवेची आणि खाऱ्या मातीची सवय असलेली. पानं तुकतुकीत, छाटणी सोसणारी, आणि फांदीचा तुकडा पावसाळ्यात खोचला की येणारी. पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या शाळा आणि बंगले कोयनेलीच्या हिरव्या भिंतींनी वेढलेले असत. रोपवाटिकांत आज तिला विचारणारे कमी, याचं वाईट वाटतं.

जमीन बदलली की झाड बदलायचं, हा धडा भारतात एकदा फार मोठ्या प्रमाणावर आणि फार वाईट कामासाठी गिरवला गेला. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून देशाच्या आरपार जकातीची रेषा आखली होती. सिंधू नदीच्या बाजूनं निघून, आजच्या महाराष्ट्राला खेटून असलेल्या बऱ्हाणपुराजवळून, थेट ओरिसाकडे. १८७० च्या सुमारास तिची लांबी सुमारे २३०० मैल होती. सुरुवातीला ही रेषा वाळलेल्या काट्यांची होती, म्हणजे आपली कुपाटीच. ती वाळवीनं, वणव्यानं आणि वादळानं दरसाल मोडायची. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात जकातीचे आयुक्त होते. त्यांनी जिवंत कुंपणाचा आग्रह धरला. कुठे बाभूळ, कुठे बोर, कुठे करवंद, कुठे निवडुंग आणि थोर, असं जमीन आणि पाऊस पाहून ठरवलं गेलं. माती नापीक तिथे चर खणून बाहेरची माती भरली, पाणी साचतं तिथे बांध घातले. जिथे ते नीट जमलं तिथे कुंपण बारा फूट उंच आणि चौदा फूट जाड झालं. गरिबाच्या पानातलं मीठ महाग करण्यासाठी एवढं बागकाम झालं. १८७९ मध्ये ही रेषा सोडून देण्यात आली आणि कुंपण इतकं पुसलं गेलं, की १९९० च्या दशकात रॉय मॉक्सम या लेखकाला त्याचा उरलासुरला तुकडा शोधायला भारतात पुन्हा पुन्हा यावं लागलं.

पुसलं न जाणारी कुंपणंही आपल्याकडे झाली. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. दख्खनच्या गावांभोवती तो कुंपण म्हणून लावला गेला आणि पुढे त्यानं गावठाणं, गायरानं आणि पडीक रानं व्यापली. तो आवरला १९२० च्या दशकात, श्रीलंकेहून आणलेल्या कोचिनील जातीच्या एका किड्यानं. घाणेरी, म्हणजे टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली आणि कुंपणांतून देशभरच्या जंगलांत गेली. वेडी बाभूळ आज इंदापूरच्या पडीक जमिनींवर आणि धरणाच्या पाण्याकाठी ज्या जोरानं पसरली आहे, ते सर्वांसमोर आहे. शेळ्या तिच्या शेंगा खातात आणि बी लेंड्यांतून शिवारभर पेरतात. "फुकट येते, काटेरी आहे, पाणी मागत नाही," म्हणून ती बांधावर ठेवणारे भेटतात. ज्या झाडाला आवरता येत नाही ते कुंपणाला घेऊ नये, एवढंच त्यांना सांगतो. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापुरातल्या कडबनवाडीची गवताळ रानं चिंकाऱ्याची आहेत. तिथल्या शेजारच्या शेतकऱ्यानं तर पसरणारं झाड लावण्याआधी दहा वेळा विचार करावा, कारण त्या हरणाला मोकळं गवत लागतं.

'कुंपणच शेत खातं' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ती शब्दशः खरी आहे. कुंपणाची मुळं पिकाच्या ओळीत शिरतात आणि पाणी पितात. कडेच्या दोन-तीन सऱ्यांतला ऊस बारीक राहतो तो यामुळे. उपाय जुनाच: कुंपणापासून तीन फुटांवर, दरवर्षी उन्हाळ्यात, दोन फूट खोल चर मारून आत आलेली मुळं तोडायची. सावलीचाही हिशेब करावा. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सहा फुटी कुंपणाची सावली भर दुपारी पाचेक फूट उत्तरेला पडते. म्हणून रब्बी ज्वारीच्या रानाला दक्षिणेचं कुंपण बुटकं, चार फुटांचंच ठेवावं. उत्तरेचं हवं तेवढं वाढू द्यावं. बांधावर उंच झाड हवंच असेल तर रामकाठी बाभूळ. तिच्या फांद्या खोडाला बिलगून वर जातात आणि सावली थोडी पडते; देशावरच्या शेतकऱ्यानं ती उगाच निवडलेली नाही.

पश्चिमेच्या बाजूला मात्र उंची लागते. आषाढात इथे पाऊस कमी आणि वारा फार. पावसाला घाटमाथ्यावर सोडून आलेला हा कोरडा वारा केळीची पानं फाडतो आणि जमिनीतली ओल ओढून नेतो. डाळिंबात तर तो रोग आणतो, कारण तेल्या रोगाचे जिवाणू वाऱ्यानं उडणाऱ्या पावसाच्या थेंबांबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. वारा अडवायला भिंत लागते असं वाटतं, पण भिंतीवरून गेलेला वारा पलीकडे भोवरा करून आपटतो. निम्मा वारा गाळून सोडणारी झाडांची रांग जास्त चांगली. तिच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. बारा फुटांची रांग म्हणजे सव्वाशे फुटांपर्यंत आसरा. शेवरी, सुरू, गिरीपुष्प ही त्यासाठीची झाडं. निमगाव केतकीच्या पानमळ्यांत शेवरीच्या आडोशाचं मोल जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. गिरीपुष्प छाटलं की हिरवळीचं खत मिळतं, आणि फांदीपेक्षा बियांपासून केलेलं गिरीपुष्प खोल मूळ धरतं, हे कोरडवाहूसाठी लक्षात ठेवावं.

फळबागेच्या कुंपणात काय नको, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याची किंमत कुंपणात न दिसता फळात दिसते. द्राक्षबागेच्या कडेला जास्वंद लावणं म्हणजे गुलाबी पिठ्या ढेकणाला घर बांधून देणं. ही कीड जास्वंदीवर वाढते आणि द्राक्षाची तर ती मोठी शत्रू. डाळिंब आणि मोसंबीच्या बागेभोवतीच्या कुंपणावर गुळवेल आणि वासनवेल चढलेली असली, तर ती मुळापासून काढावी. पिकत्या फळाला रात्री सोंड खुपसून रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर पोसल्या जातात. गुळवेल औषधी, म्हणून लोकांना ती काढवत नाही. ती घराच्या अंगणात असू द्यावी. कण्हेरीचं कुंपण शोभतं आणि पाणी मागत नाही, पण तिचे सगळे भाग विषारी. छाटलेल्या फांद्या बांधावर टाकल्या आणि चुकून जनावरानं खाल्ल्या, तर जीव जातो.

बारामती, इंदापूर, भिगवणच्या नव्या बंगल्यांना आणि संकुलांना शेळी अडवायची नसते. त्यांना रस्त्याची धूळ आणि नजर अडवायची असते. तिथे काटा नको. पण तिथेही निवड चुकताना दिसते. गेल्या काही वर्षांत कोनोकार्पस फार लावला गेला: झपाट्यानं वाढतो, कायम हिरवा, कोणी खात नाही. त्याची मुळं पाण्याचे नळ आणि ड्रेनेजमध्ये घुसतात आणि परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो, अशा तक्रारींनंतर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. ज्या अंगणाखालून पाइप जातो तिथे तो नको. पिवळी दुरंता आपल्याकडच्या उन्हात रंग छान धरते. तिची पिवळी मणीदार फळं मात्र लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. नियमित छाटली तर फुलं-फळं धरतच नाहीत.

घराच्या कुंपणासाठी मला अजूनही मेंदीच श्रेष्ठ वाटते. तिला दख्खनचं ऊन मानवतं, कडक झाल्यावर पाणी नावाला लागतं, बारीक पानांमुळे छाटणी रेखीव होते. एका बाजूची छाटणी थांबवून फुलू दिली तर सगळी गल्ली दरवळते, आणि श्रावणात हातावर काढायला पानं घरचीच. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, जून काड्या लावाव्यात. बी पेरायचं तर आधी कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून ठेवावं लागतं. सुवास हवा आणि थोडी सावली असेल तर कुंती. रंग हवा तर बोगनवेल, पण तिला कुंपण म्हणून आवरणं म्हणजे वर्षभराचं काम, आणि पाणी जास्त झालं की ती फुलांऐवजी पालाच देते.

लागवडीचा हिशेब आधी कागदावर मांडावा. एक एकराचा चौकोनी तुकडा असेल तर त्याचा घेर ८३५ फूट भरतो. एकेरी ओळीत फुटाला एक रोप म्हणजे ८३५ रोपं. दोन ओळी, मध्ये फूटभर अंतर, दीड फुटाला रोप आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीतल्या दोघांच्या मधोमध, अशी लावली तर सुमारे १११५ लागतात. पण जाळी फार लवकर जमते. तेवढंच एकर शंभर फूट रुंदीचं चिंचोळं असेल तर घेर १०७० फुटांवर जातो. वाटण्या होऊन रानं पट्ट्यापट्ट्यांची झाली, तसा कुंपणाचा खर्च वाढत गेला तो असा. शक्य असेल तिथे दोन भावांनी मिळून दोन्ही रानांना एकच बाहेरचं कुंपण करावं. आणि हद्दीच्या दगडावर रोप कधीच लावू नये. तीन फूट आत लावावं. कुंपण रुंद होतं, आणि पुढच्या पिढीला बांध कोरल्याचा वाद त्यातूनच मिळतो.

दोरी ताणून ओळ आखावी, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावं. पाणी रोज थोडं देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्यावं, म्हणजे मूळ खाली शोधत जातं. ठिबकाची एक नळी ओळीबरोबर टाकली तर पहिले दोन उन्हाळे निभावतात. तळाशी उसाचं पाचट अंथरावं. आपल्याकडे ते मुबलक आहे आणि ओल धरून ठेवायला त्याहून स्वस्त काही नाही. पण ऊस तुटल्यावर पाचट पेटवण्याची रीत अजून गेलेली नाही, आणि पाच वर्षांचं कुंपण अर्ध्या तासात करपलेलं मी पाहिलं आहे. शेजारच्या फडाचं पाचट पेटणार असेल, तर त्याच्या आधी आपल्या कुंपणाच्या तळाचं पाचट ओढून दहा फूट पट्टा साफ करावा. करपलेली मेंदी किंवा विलायती चिंच वितीवर कापून पाणी दिलं, तर बहुधा पुन्हा फुटते. करवंदाला जास्त वेळ लागतो.

छाटताना आकार पायथ्याला रुंद आणि माथ्याला निमुळता ठेवावा. उलट झालं, माथा पसरला आणि पाया आत गेला, तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती गळतात. माळी उभा राहून छाटतो तेव्हा हात नकळत वर पसरट कापतो. म्हणून छाटणी संपली की एकदा खाली बसून, ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोळा लावून पाहायचं. ज्याचा तळ आधीच उघडा पडला आहे, त्याला दोनच वाटा. पावसाच्या तोंडावर सगळं कुंपण वितीवर कापून नव्यानं सुरू करणं, किंवा खालच्या लवचीक फांद्या आडव्या वाकवून शेजारच्या खोडाला सुतळीनं बांधणं. आडव्या फांदीवर शेंड्याचा जोर कमी पडतो आणि तिच्या पाठीवरचे डोळे ओळीनं फुटतात. सुप्याजवळच्या त्या डाळिंबाच्या बागेच्या मालकांनी दुसरी वाट धरली. दोन पावसाळे लागले, पण खोडांमधली जागा भरली.

असं कुंपण वसलं की त्यात राहायला येणारे येतातच. लालबुड्या बुलबुलाचं घरटं मेंदीत, शिंप्याचं रुंद पानांच्या झुडपात, आणि काठीवर चढून ऊन खाणारा सरडा. म्हणीतला सरडा कुंपणापर्यंतच धावतो. त्याचं पोट तिथे भरतं, किडे आणि अळ्या खाऊन. फवारणीचा पंप कुंपणावरून फिरवू नये, एवढं त्याच्यासाठी करता येतं.

दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे या भागातून पश्चिमेकडे, कोकणच्या बाजूला निघतात आणि पावसाच्या आधी परततात. जाताना शिवार हिरवं असतं, कुंपणाकडे कोणी बघत नाही. परततात ते वैशाखात. माळ करपलेला, मेंढ्या भुकेल्या, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना ठिबकावरच्या बागा. तेव्हा पुढची मेंढी बांधाशी येते, मान खाली घालते आणि जमिनीलगत तोंड खुपसून वाट शोधते. सुप्याजवळच्या त्या बागेशी मागच्या वैशाखात मी ते पाहिलं. तिनं तीन ठिकाणी नाक लावलं, चौथ्या ठिकाणी शिंकली, आणि कळपामागून रस्त्यानं निघून गेली.